विंटर टायरच्या चौकशीपासून चार साध्या टायरपर्यंत

गाडीला शोरूममधून आलेलेच टायर सहा वर्षं चालले. त्यामुळे टायरच्या दुकानात जाऊन नेमकं काय विचारायचं, हे मला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टअखेरीला सुरू झालेलं हे प्रकरण दसऱ्याच्या तोंडावर मिटलं. मधल्या काळात जर्मनीचे नियम, जीएसटीचा बदललेला दर, एसटीचा प्रवास आणि टायरवालेच टायरवाले असं बरंच काही झालं. भाव आणि तारखा डायरीत लिहून ठेवल्या होत्या, म्हणून सगळं क्रमाने सांगता येतंय.

माझी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. राहायला साताऱ्यातली शाहूपुरी, नोकरी मेढ्याला. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साताऱ्यात नुसती भुरभुर असते आणि कण्हेरच्या पुढे गेलं की वायपर शेवटच्या टप्प्यावर टाकूनही समोरचं दिसत नाही. जुलैमध्ये एका सपाट पट्ट्यात रस्त्यावर पाणी साठलं होतं. वेग फार नव्हता, पण त्या पाण्यात चाकं शिरली आणि स्टिअरिंगमधलं वजनच गेलं. हात फिरवला तरी गाडीला त्याचं काही नाही. क्षणभराने परत पकड आली. काही झालं नाही, पण टायर आणि रस्ता यांच्या मध्ये पाणी शिरून गाडी त्यावर तरंगते म्हणतात ती ही, एवढं कळलं. नक्षीतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही की हे होतं.

त्यानंतर मी दीडशे रुपयांची एक छोटी मापपट्टी ऑनलाइन मागवली. टायरच्या खाचेत टोक घालायचं आणि वर मिलिमीटर वाचायचे, इतकं सोपं. मागचे टायर तीनच्या आसपास होते, पुढचे अडीचला आलेले, आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड दोनच्याही खाली. म्हणजे अलायमेंट, चाकं एकमेकांशी सरळ असणं, बिघडलेलं. बाहेरून उभं राहून बघितलं तर तो टायर चांगला दिसत होता. तुम्ही बघाल तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाची आतली बाजू बघा, कारण घासतं ते तिथे. आपल्याकडे मोटारींसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की कायद्याने टायर संपला. माझे अजून संपले नव्हते. पण नवा टायर सात-आठ मिलिमीटरचा असतो, तेव्हा पाणी काढायची त्याची ताकद दोन-अडीच मिलिमीटरवर कितीशी उरणार?

२७ ऑगस्टला गणपती बसले. माझा भाचा स्टुटगार्टला असतो, तो या वेळी सुट्टी काढून आला होता. आरतीनंतर अंगणात गाडीभोवती फिरून त्याने एकेक टायर हाताने चाचपून बघितला आणि म्हणाला, “मावशी, तू सरळ विंटर टायर घे. मी दोन वर्षं बाराही महिने तेच वापरले. पावसात काय धरतात!”

मी हसले. साताऱ्यात विंटर टायर म्हणजे चैत्रात कानटोपी. पण त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखंही नव्हतं. विंटर टायरच्या नक्षीत ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, रबर मऊ असतं, खाचा खोल असतात. ओल्या रस्त्याला हे सगळं उपयोगाचं नाही का? वर त्याने वेण्णा लेकचा मुद्दाही काढला. “महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात तूच पाठवतेस की ग्रुपवर!” ते खरं आहे. पण ते हिमकण स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपावर असतात, तेही मोजक्या पहाटे, आणि ऊन वर येईपर्यंत संपतात.

तरी मी मनावर घेतलं. पुढचे काही दिवस रात्री आम्ही दोघं फोनवर तेच वाचत बसायचो. त्याला जर्मन येतं, त्यामुळे तिकडच्या मोटार क्लबचं, म्हणजे एडीएसीचं, लिखाण तो वाचून सांगायचा आणि मी उलटे प्रश्न विचारायचे. त्यातून समजलं ते असं.

विंटर टायर पहिल्यांदा निघाला फिनलंडमध्ये, १९३४ साली, बर्फातून जाणाऱ्या ट्रकसाठी. आजच्या विंटर टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली मऊ राहावं असंच बनवलेलं असतं. त्यात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त असते. साधा म्हणजे तिकडच्या भाषेत समर टायर त्या थंडीत कडक होतो आणि पकड सोडतो. जर्मनीत २०१० पासून नियम आहे की रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल तर तसलेच टायर हवेत. तारीख ठरलेली नाही, पण लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ठोकताळा धरतात. खऱ्या विंटर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. ते मिळवायला बर्फावरची चाचणी पास व्हावी लागते. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यामागे अशी चाचणी असतेच असं नाही, तो शिक्का कंपनी स्वतःहून मारू शकते. (हे पुढे दुकानात उपयोगाला आलं.)

उन्हाळ्यात हेच टायर चालवायला जर्मनीत बंदी नाही. भाच्याने चालवले त्याचं कारण पकड वगैरे काही नव्हतंच. वर्षातून दोनदा चाकं बदलायची मजुरी आणि काढलेली चार चाकं सांभाळायचं गॅरेजचं भाडं, हे त्याला वाचवायचं होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने चार चाकं ठेवायची कुठे? मग मी नेटाने विचारलं, “दुसऱ्या उन्हाळ्यात काय झालं ते सांग.” तेव्हा कुठे म्हणाला की टायर अर्धे झाले होते, महामार्गावर जोरात ब्रेक दाबला की गाडी गादीवरून सरकल्यासारखी वाटायची, आणि शेवटी त्याने ऑल सीझन टायर घेतले. एडीएसीचं म्हणणंही तेच. गरम रस्त्यावर मऊ रबराचे ते चिरलेले ठोकळे दाबाखाली लवतात, थांबायला जास्त अंतर लागतं आणि झीज झपाट्याने होते. गरम हवेत ओल्या रस्त्यावरसुद्धा चांगला समर टायर विंटरच्या पुढे असतो.

माझ्यापुरता इथेच निकाल लागला. साताऱ्यात थंडीतल्या पहाटेही पारा सहसा सातच्या वर असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डांबर चपलेला चिकटतं. आपला पाऊस पडतो तो वीस-पंचवीस अंशांत. या हवेत विंटर टायरला त्याचं काम करायची एकही संधी मिळणार नाही, आणि उन्हाळ्यात मात्र तो खोडरबरासारखा झिजत राहील. आपल्याकडच्या दुकानात समर-विंटर असं काही नाव न लावता जो साधा टायर मिळतो, तोच खरं तर आपला बारमाही टायर.

भाच्याचा तरी हट्ट होता, “एकदा विचारून तर बघ. नाहीतर मी पाठवतो.” पाठवण्याचं प्रकरण मी एका ओळखीच्या कस्टमवाल्याला फोन करून लगेच मिटवलं. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात ‘मुक्त’मधून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे परवाना लागतो. शिवाय २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे वाहनांच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. परदेशातून टायर मागवायचं डोक्यात असेल तर ते तिथेच सोडून द्या.

दुकानात मात्र विचारलं. ३० ऑगस्टचा शनिवार होता. पोवई नाक्याच्या अलीकडच्या पहिल्या दुकानात मी विंटर टायर म्हटल्यावर मालकाने चहाचा कप खाली ठेवला. “ताई, साताऱ्यात थंडी हाय कुठं? काश्मीरला निघालाय काय?” तिथली गंमत अशी, की गुलमर्गच्या रस्त्यावर बर्फ पडला की पोलीस चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. त्या साखळ्या तिथे भाड्यानेही मिळतात. म्हणजे मी काश्मीरला निघाले असते तरी आधी साखळ्यांचंच विचारावं लागलं असतं.

दुसऱ्या दुकानातला मुलगा हुशार निघाला. आतून जीपसाठीचा जाडजूड नक्षीचा एक टायर गडगडवत आणला आणि त्यावरचा ‘एम प्लस एस’चा शिक्का दाखवून म्हणाला, “हाच विंटर टायर, मॅडम. इम्पोर्टेड टाइप.” डोंगर आणि चांदणी कुठे आहे विचारलं, तर ते भारतात येत नाही म्हणाला. तो टायर माझ्या गाडीच्या मापाचाही नव्हता. त्याने पुढचा प्रश्न विचारला, “साहेब येणार आहेत का बघायला?” साहेब घरी मोदकांच्या सारणाचा गूळ किसत होते, असं सांगून मी बाहेर पडले.

या दोन दुकानांनंतर मी घरी बसून एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याच विचारल्या. फोनवर विचारलेलं चालतं, उलट फोनवर लोक भाव नीट सांगतात.

पहिली गोष्ट माप. टायरच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. माझं १८५/६५ आर १५, ८८ एच. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या तुलनेत उंची टक्क्यांत, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. मेढ्याच्या रस्त्यावर त्या वेगाचं काय करायचं हा प्रश्न वेगळा, पण गाडी ज्या अक्षरावर आली त्याच्या खालचं अक्षर घ्यायचं नाही, वजनाचा आकडाही कमी घ्यायचा नाही. दुकानदार रुंद टायरचा आग्रह करतात. “गाडी भरल्यागत दिसती” हे त्यामागचं कारण. मी कंपनीच्याच मापावर राहिले.

दुसरी गोष्ट टायर बनल्याची तारीख. बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या जुन्या टायरवर २३१९ होतं, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. गाडीवर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला आहेत असं समजायचं. तिसरी गोष्ट, ओल्या रस्त्यावरची पकड. काही टायरवर अमेरिकी पद्धतीचे ‘ट्रॅक्शन’ आणि ‘ट्रेडवेअर’ असे दर्जे छापलेले असतात. ट्रॅक्शन हा ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून काढलेला दर्जा आहे. डबल ए सगळ्यांत वर, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा. दुकानदार हा दुसरा आकडा हौसेने सांगतात, पहिला विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मला साठ हजार किलोमीटर टिकण्यापेक्षा जुलैत थांबणारा टायर हवा होता, म्हणून मी ट्रॅक्शनला ए मिळालेले दोन टायर निवडून बाकीचे खोडून टाकले. चौथी गोष्ट म्हणजे भाव सांगताना कर, बसवणूक, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि अलायमेंट धरलंय का. चारपैकी तीन दुकानांत धरलेलं नसतं.

१ सप्टेंबरला एमआयडीसीकडच्या एका दुकानाचा भाव मला पटला. एक टायर करासह ५,७६०. म्हणजे मूळ ४,५०० आणि वर २८ टक्के जीएसटी १,२६०. बुधवारी ३ तारखेला आगाऊ पैसे देऊन टाकणार होते. त्याच रात्री बातमी आली, जीएसटी परिषदेने दर बदलले, २२ सप्टेंबरपासून टायर २८ वरून १८ टक्क्यांवर. कागदावर हिशोब मांडला. ४,५०० वर १८ टक्के ८१०, म्हणजे एक टायर ५,३१० ला. प्रत्येकी साडेचारशे, चार टायरचे अठराशे रुपये.

आता अठराशे रुपयांसाठी भर पावसात घासलेल्या टायरवर घाटरस्ता करायचा का? घरात यावर दोन तट पडले. आईचं मत, लगेच घे, जिवापेक्षा पैसा मोठा नाही. नवऱ्याचं मत, हळू चालव आणि थांब. मी तिसरंच केलं. गाडी अंगणात उभी केली आणि २२ तारखेपर्यंत मेढ्याला एसटीने गेले. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, त्यामुळे पेट्रोलच्या मानाने खर्च नगण्य. सकाळी सातारा स्टँडवर छत्री मिटत, भिजलेल्या दप्तरांच्या गर्दीत उभं राहून जायचं म्हणजे सुख नव्हे. एकदा संध्याकाळची गाडी रद्द झाली तेव्हा मी अठराशे रुपयांना चांगल्याच शिव्या घातल्या. पण ज्यांना रोज गाडी लागतेच आणि नक्षी दोनच्या आसपास आहे, त्यांनी असल्या सवलतीची वाट बघू नये. सोय होती म्हणून मी थांबले.

थांबण्यातली एक भानगड पुढे आली. आधी ठरवलेल्या दुकानात फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, “आमचा माल जुन्या कराचा हाय, भाव तोच राहणार. नवा माल आला की बघू.” मी ओळखीच्या कर सल्लागाराला विचारलं. त्याने सांगितलं की दुकानदाराने आधी भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळतं. ग्राहकाला लागणारा दर विक्रीच्या तारखेचा. माल, बिल आणि पैसे तिन्ही २२ तारखेनंतर असतील तर १८ टक्केच लागणार, माल गोडाऊनमध्ये कधी आला याच्याशी तुमचा संबंध नाही. आगाऊ पैसे मात्र देऊ नका, असंही त्याने बजावलं. मी ते दुकान सोडलं आणि वाढे फाट्याच्या बाजूच्या एका दुकानात तोच टायर, तोच मूळ भाव ठरवला.

२२ ला सोमवार होता, घटस्थापना. मी उत्साहाने फोन केला तर कळलं, कंपनीची नवी भावयादी अजून संगणकात चढलेली नाही आणि दुकानापुढे माझ्यासारख्यांची रांग आहे. शनिवारी २७ ला सकाळी साडेनऊची वेळ मिळाली.

गेल्यावर आधी एक किरकोळ वाद झाला. पहिल्यांदा बाहेर काढलेल्या दोन टायरवर तारीख २०२२ ची होती. नीट सावलीत ठेवलेला काही महिन्यांचा टायर घ्यायला हरकत नसते, पण तीन वर्षांचा माल नव्याच्या भावात कशाला? मालक म्हणाला, वाटल्यास प्रत्येकी पाचशे कमी करतो. मी नको म्हटलं, तेव्हा मागून २०२५ च्या जून-जुलैतले चार निघाले. चारही जवळजवळ एकाच आठवड्यातले. टायर रिमवर चढायच्या आधी हे बघून घ्या. चढल्यावर कुणी उतरवत नाही.

मग मी तिथेच स्टूल घेऊन बसले. बसवणारा पोरगा वीस-एकवीसचा असेल. जॅक लावून चाक काढलं, हवा सोडली, यंत्राच्या पंजाने टायरची कड रिमपासून दाबून सोडवली. तेव्हा जो चर्रर्र आवाज येतो त्याने माझ्याच पोटात कालवलं. जुना टायर निघाल्यावर त्याने रिमच्या कडेला जमलेला पांढरट थर तारेच्या ब्रशने घासला. हे सगळीकडे करत नाहीत, आणि न केल्यास हवा हळूहळू उतरत राहते. जुना रबरी व्हॉल्व्ह कापून नवा ओढला. नव्या टायरच्या कडेला साबणाचं पाणी फिरवलं आणि यंत्र फिरवत तो रिमवर चढवला. माझ्या टायरवर एका बाजूला ‘आउटसाइड’ लिहिलेलं होतं. तिसऱ्या चाकाला पोरगा तो उलटा चढवायला निघाला, मी बोट दाखवल्यावर म्हणाला, “बरं झालं बसला हुता.” पुढे बॅलन्सिंग. चाक यंत्रावर फिरतं, पडद्यावर आकडा येतो, तितक्या ग्रॅमची शिशासारखी पट्टी रिमच्या आत चिकटवतात आणि आकडा शून्य येईपर्यंत परत फिरवतात. एक चाक पहिल्यांदा शून्यावर आलंच नाही, त्याने टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला, तेव्हा आलं. याला वेळ लागतो, म्हणून दुकानात गर्दी नसलेली वेळ निवडा.

नायट्रोजन भरू का, असं विचारलं. एका चाकाचे पन्नास. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, मी साधी हवा भरून घेतली. किती भरायची याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं, पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरायचा आणि तो टायर थंड असतानाचा. नट गनने घट्ट करत होते, तिथे मी शेवटचं आवळणं हाताच्या पान्याने करायला सांगितलं. गनने इतके घट्ट होतात, की रस्त्यात पंक्चर झाल्यावर माझ्याच्याने सुटणार नाहीत.

शेवटी अलायमेंट. चारही चाकांना पंजे लावतात आणि पडद्यावर लाल-हिरवे आकडे येतात. पुढच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो आकडा, भरपूर लाल होता, त्या घासलेल्या आतल्या कडेचा उलगडा तिथे झाला. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत.

बिल असं झालं. चार टायर २१,२४०. व्हॉल्व्ह २००. बसवणूक आणि बॅलन्सिंग ६००. अलायमेंट ५००. एकूण २२,५४०. जुन्या चार टायरचे प्रत्येकी दोनशे वजा, म्हणजे हातचे गेले २१,७४०. जुने टायर घरी आणायचा विचार मनात आला होता, पत्र्यावरची ताडपत्री दाबायला ते बरे पडतात. पण डेंग्यूचे डास त्यातल्याच पाण्यात होतात, म्हणून देऊन टाकले. ते पुढे कुठे जातात ते मी विचारलं नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणातून टायरचा काळा धूर निघताना आपण सगळ्यांनी पाहिलाय.

दोनच टायर बदलायचे असते तर? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, म्हणून नवे पुढे टाका, असं दुकानातले सांगतात. टायर कंपन्या मात्र नवे मागे टाका म्हणतात. ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ते आपल्या हाताबाहेरचं. माझे मागचे तीन मिलिमीटरचे होते, आणखी एक उन्हाळा निघाला असता. पण सहा वर्षांत बाजूच्या रबरावर बारीक भेगा दिसायला लागल्या होत्या, त्यामुळे चारही बदलले.

कागदपत्रांचं काम इथेच उरकून घ्या. टायरची वॉरंटी फक्त बनावटीच्या दोषावर असते आणि उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात पैसे वळते होतात. खड्ड्यात आपटून फुगा आला किंवा कट बसला तर साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. काही टायरवर तेही धरणारी वेगळी योजना असते, पण त्यासाठी ठरावीक मुदतीत नोंदणी लागते. माझ्या दुकानाने “आम्ही करतो ताई” म्हणून सांगितलं आणि केली नव्हती. चौथ्या दिवशी मेसेज आला नाही म्हणून फोन केला, तेव्हा झाली. नोंदणीला बिलावरचा नंबर, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि प्रत्येक टायरवरचा अनुक्रमांक लागतो. अनुक्रमांकाचे फोटो दुकानातच काढून ठेवा, नंतर चाकाखाली वाकावं लागतं.

सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर टायर थोडा निसरडा असतो. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला थर वर असतो, तो घासून जावा लागतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी यवतेश्वरच्या घाटातून कासची फुलं बघायला जायचा घरच्यांचा बेत मी पुढे ढकलला. सप्टेंबरअखेरीला त्या रस्त्यावर जी गर्दी असते ती बघता कुणाला फार वाईट वाटलं नाही. सोमवारपासून मेढा सुरू झालं. पाऊस होताच. साठलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग जड राहिलं, चाकाखालून पाणी बाजूला फेकलं गेल्याचा फस्सकन आवाज यायला लागला, जो गेल्या दोन पावसाळ्यांत मी ऐकलाच नव्हता. ब्रेकला गाडी सरळ थांबते. आवाज जुन्यापेक्षा किंचित जास्त आहे, मेढ्याच्या खडबडीत पट्ट्यात तो जाणवतो. पेट्रोलमध्ये मला फरक दिसला नाही.

नक्षी तीन मिलिमीटरवर आली की बदलायचे, १.६ ची वाट बघायची नाही, हे मी आता ठरवून टाकलंय. आमच्याकडच्या पावसाला तेवढं लागतंच. मापपट्टी गाडीच्या खणात ठेवलीय. दर सात-आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करायचे आहेत, त्याच वेळी अलायमेंटही बघून होईल.

खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचं तोरण बांधताना डिकी उघडली, तेव्हा स्टेपनी नजरेस पडली. नक्षी कोरी करकरीत, एकदाही रस्त्याला न लागलेली, पण बाजूवर आकडे तेच, २३१९. टायरवाला म्हणतो, पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत जायला ती पुरेशी आहे, हळू जायचं आणि महिन्यातून एकदा तिची हवा बघायची. तूर्त तेच करतेय.